'सारखे' आणि 'तेच' : पीएचपी भाषेतील सैल तुलनेचा इतिहास

सिंधुदुर्ग ह्या नावाने आज निदान तीन वस्तू ओळखल्या जातात. मालवणसमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याच्या बांधकामास आरंभ झाला तो शिवकालीन जलदुर्ग ही पहिली. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जिल्हा ही दुसरी. आणि कोकण रेल्वेवरील ओरोसचे स्थानक ही तिसरी. अक्षरे तीच, वस्तू निराळ्या. ह्याच्या उलट, १७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला जिंकून त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढल्याच वर्षी किल्ला कोल्हापूरकरांकडे परत गेला व ते नाव कागदांपुरतेच उरले. येथे वस्तू एकच, अक्षरे निराळी. (स्कॉटलंडात लॉख नेसच्या काठी ह्याच नावाचे एक गाव आजही आहे. त्याचा व मालवणचा अर्थाअर्थी काही संबंध नाही. पण जुन्या इंग्रजी कागदांच्या सूचीत केवळ नावावरून शोध घेणारास ही दोन्ही स्थळे शेजारी शेजारी भेटण्याचा संभव आहे.)

अशा ठिकाणी माणसाची फसगत क्वचितच होते. 'सिंधुदुर्गास बोटीने गेलो' आणि 'सिंधुदुर्गात बदली झाली' ही दोन वाक्ये ऐकणारास कोणता सिंधुदुर्ग अभिप्रेत आहे हे विचारावे लागत नाही. दोन गोष्टी सारख्या आहेत काय, ह्या प्रश्नाआधी त्या कोणत्या जातीच्या म्हणून घ्यावयाच्या हा एक प्रश्न असतो, आणि तो आपण न बोलताच सोडवीत असतो. यंत्रास मात्र तो कोणीतरी सोडवून द्यावा लागतो. पीएचपी ह्या संगणकीय भाषेने तो स्वतःच परस्पर सोडविण्याचे धोरण स्वीकारले व १९९५ पासून २०२० पर्यंत जवळजवळ अबाधित चालविले. त्या धोरणाचा उगम, त्यातून उद्भवलेले घोटाळे आणि त्यास शेवटी घालावी लागलेली मुरड ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणे शक्य तेथे मालवण किनाऱ्याच्या नावांची व दप्तरांची घेतली आहेत. ती स्पष्टीकरणार्थ योजिली असून कोणत्याही कार्यालयात प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांची नव्हेत.

समतेच्या चिन्हाचा इतिहास संगणकाहून पुष्कळ जुना आहे. दोन समांतर रेषांचे हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड ह्या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली छापील ग्रंथात प्रथम योजिले. चारशे वर्षे त्याचा अर्थ एकच होता : डावीकडचे व उजवीकडचे समान आहेत हे विधान. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेने तेच चिन्ह निराळ्या कामास लावले. 'उजवीकडची किंमत डावीकडच्या नावाच्या खणात ठेव' अशी ती आज्ञा झाली, आणि तुलनेसाठी दुसरी खूण शोधावी लागली. अल्गोल भाषेने हा घोटाळा टाळण्याकरिता आज्ञेस विसर्गासारखे चिन्ह जोडले व एकेरी समचिन्ह तुलनेसाठी राखले. बेल प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास घडलेल्या बी व सी ह्या भाषांनी उलट केले. आज्ञा वारंवार द्यावी लागते म्हणून तिला एकेरी चिन्ह व तुलना त्या मानाने कमी म्हणून तिला दुहेरी, असा हा टंकलेखकी हिशेब होता. तो सोयीचा होता, परंतु विधान आणि आज्ञा ह्यांतील भेद एका रेषाजोडीवर टांगला गेला. पुढच्या सर्व कथेची पूर्वपीठिका हीच.

सी भाषेत प्रत्येक चलाची जात आधी जाहीर करावी लागे. पूर्णांक ठेवावयाच्या खणात पूर्णांकच. त्यामुळे दुहेरी चिन्हास तुलनेपूर्वी फारसा विचार करावा लागत नसे. १९८७ साली लॅरी वॉल ह्यांनी पर्ल भाषा प्रसिद्ध केली तेव्हा ही शिस्त सैल झाली. पर्लमधील एकाच चलात आज आकडा, उद्या शब्द राहू शकतो. पण वॉल ह्यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे होते, आणि त्यांनी जातीचा निर्णय नामावरून काढून क्रियेकडे दिला. आकड्यांच्या तुलनेसाठी दुहेरी समचिन्ह, आणि शब्दांच्या तुलनेसाठी 'ईक्यू' हे स्वतंत्र पद. 'ह्या दोहोंची आकडे म्हणून तुलना कर' किंवा 'शब्द म्हणून तुलना कर' असे लिहिणारास स्पष्ट सांगावे लागे. ही व्यवस्था सर्वांस आवडली असे नाही, तथापि तिच्यात संदिग्धता नव्हती.

रासमुस लेरडॉर्फ ह्यांनी ८ जून १९९५ रोजी आपल्या 'पर्सनल होम पेज टूल्स'ची घोषणा केली. स्वतःचा परिचयपत्रक किती लोक पाहतात हे मोजण्यासारख्या घरगुती गरजांतून ही साधने जन्मास आली होती. त्यांनी पर्लकडून चलापुढील डॉलरचे चिन्ह घेतले, जातीविषयीची सैलपणाही घेतला, पण तुलनेची दोन पदे घेतली नाहीत. एकच दुहेरी समचिन्ह आकडे व शब्द ह्या दोहोंच्या कामी आले. म्हणजे जातीचा निर्णय नामावरही नाही व क्रियेवरही नाही. तो तुलनेच्या क्षणी, समोर आलेल्या दोन किमतींकडे पाहून यंत्राने अंदाजाने करावयाचा.

हा अविचार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या संकेतस्थळांचे काम कसे चाले ते पाहावे. मालवणातील एखाद्या न्याहारी-निवासाच्या पानावर पाहुण्याने खोल्यांच्या चौकटीत दोन हा आकडा भरला, तर जाळ्यावरून यंत्राकडे जे येते ते दोन ही संख्या नसते. 'दोन'चे आकडी चिन्ह असलेला एक अक्षरी मजकूर असतो. अर्जातून येणारे सर्व काही मजकूरच. तो संख्येशी ताडून पाहण्यापूर्वी दर वेळी रूपांतराची आज्ञा लिहावयास लावणे हे नवशिक्या, हौशी लेखकांस जड गेले असते, आणि ही भाषा मुख्यतः त्यांच्यासाठीच होती. म्हणून नियम असा ठरला : एका बाजूस संख्या व दुसऱ्या बाजूस मजकूर असेल, तर मजकुराची संख्या करावी व मग तुलना करावी. मजकुराच्या आरंभी आकडे असतील तर तेवढे घ्यावेत, पुढचे सोडून द्यावे. आरंभी आकडाच नसेल तर त्या मजकुराची किंमत शून्य धरावी. ह्या शेवटच्या उपनियमात पुढील पाव शतकाचे दुखणे साठविलेले होते.

१९९८ च्या जूनमध्ये झीव सुरास्की व अँडी गुटमन्स ह्यांच्या पुनर्रचनेने पीएचपीची तिसरी आवृत्ती निघाली व भाषेचा प्रसार झपाट्याने झाला. २२ मे २००० रोजी चौथी आवृत्ती आली, आणि तिच्यात तिहेरी समचिन्ह प्रथम दिसले. त्याचा अर्थ : जात आणि किंमत दोन्ही जुळली तरच होकार. जावास्क्रिप्ट ह्या समवयस्क भाषेची वाटचाल येथे बोलकी आहे. तिच्यातही १९९५ पासून दुहेरी चिन्ह सैलच होते. नेटस्केप कंपनीने १.२ ह्या आवृत्तीत ते काटेकोर करून पाहिले. जुनी पाने मोडू लागल्यावर पुढच्या आवृत्तीत पूर्ववत केले, आणि काटेकोरपणासाठी तिहेरी चिन्ह वेगळे काढले. डिसेंबर १९९९ च्या प्रमाणग्रंथात ते नोंदले गेले. जी चूक रूढ झाली ती दुरुस्त न करता तिच्या शेजारी शुद्ध रूप उभे करावयाचे, हा भाषांच्या इतिहासात नवा प्रकार नव्हे.

तिहेरी चिन्ह आले, पण दुहेरी राहिले. आणि शिकणारा प्रथम दुहेरीच शिके. त्याचे परिणाम सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साध्या माहितीवरूनही दाखविता येतात. जिल्ह्यात आठ तालुके आहेत : देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी व दोडामार्ग. सातव्या आवृत्तीपर्यंतच्या पीएचपीत ह्यांपैकी कोणतेही नाव शून्य ह्या संख्येशी दुहेरी चिन्हाने ताडल्यास उत्तर होकारार्थी येई, कारण कोणत्याच नावाच्या आरंभी आकडा नाही. मालवण शून्याएवढे, वेंगुर्ले शून्याएवढे. पण मालवण वेंगुर्ल्याएवढे नाही, कारण दोन्ही बाजूंस मजकूर असता तुलना अक्षरशः होते. गणितात समतेच्या संबंधाकडून तीन अपेक्षा असतात, आणि पहिली वस्तू दुसरीशी व दुसरी तिसरीशी समान असल्यास पहिली तिसरीशीही समान असावी ही त्यांतील तिसरी होय. ती येथे उघडच मोडते. अशा संबंधास समता म्हणावे काय हाच प्रश्न आहे.

व्यवहारात ही गोष्ट गणिती कुतूहलापुरती राहत नाही. अर्जदाराने तालुका भरलाच नाही व यंत्राने रिकाम्या जागी शून्य ही संख्या ठेवली असे समजा. पुढे 'स्विच' ह्या रचनेने तालुकावार वाटणी करावयाची आहे. ती रचनाही आतून सैल तुलनाच करते. यादीत पहिले नाव देवगडचे असेल, तर शून्य देवगडशी समान ठरून तालुका न भरलेला प्रत्येक अर्ज देवगडच्या गठ्ठ्यात जाईल. कोठेही चुकीची सूचना उमटणार नाही. देवगडच्या कारकुनास एवढेच जाणवेल की आपल्याकडे काम जास्त येते.

शोधाच्या आज्ञेचा घोटाळा ह्याहून अधिक प्रसिद्ध आहे व तो अद्याप संपलेला नाही. एका मजकुरात दुसरा कोठे येतो हे सांगणारी 'स्ट्रपॉस' ही आज्ञा सापडल्यास स्थान सांगते व न सापडल्यास 'असत्य' ही किंमत देते. स्थानांची मोजणी शून्यापासून होते. 'तालुका मालवण' ह्या मजकुरात 'मालवण' शोधल्यास उत्तर एकोणीस येते, कारण ही आज्ञा अक्षरे न मोजता बाइट मोजते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग' ह्यात मात्र शब्द अगदी आरंभी असल्याने उत्तर शून्य. शून्य व असत्य ह्यांची दुहेरी चिन्हाने तुलना केली की दोन्ही समान. म्हणजे पत्ता जितका नीट मालवणपासून सुरू व्हावा तितक्या खात्रीने यंत्र सांगणार की ह्यात मालवण नाही. २०२० साली 'मजकुरात आहे की नाही' एवढेच सांगणारी स्वतंत्र आज्ञा भाषेत आली; तोपर्यंत ह्या एका खाचेत किती जण पडले ह्याची गणती नाही.

जमिनीच्या दप्तराकडे वळल्यास प्रश्नाचे गांभीर्य वाढते. कोकणात धारणक्षेत्रे लहान व वाटण्या फार. सर्व्हे नंबर बारा, हिस्सा एक, हे '१२/१' असे लिहितात. जुन्या नियमाने हा मजकूर बारा ह्या संख्येशी ताडला तर आरंभीचे बारा घेतले जातील, तिरपी रेघ व पुढचे सर्व गळेल, आणि उत्तर येईल : समान. '१२/१', '१२/२', '१२/१७' हे सर्व हिस्से बारा ह्या संख्येशी समान. एकाच सर्व्हे नंबरातील चुलत घराण्यांचे हिस्से निरनिराळ्या नावांवर असतात व त्यांतील वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात हे त्या भागात कोणासही सांगावयास नको. ज्या तिरप्या रेघेसाठी माणसे न्यायालयाची पायरी चढतात ती यंत्राच्या दृष्टीने कचरा ठरे. 'सातबारा' हा शब्दही ह्याच न्यायाने मोडतो. गाव नमुना सात हक्कांचा व गाव नमुना बारा पिकांचा. दोन्ही मिळून तो उतारा. पण '७/१२' हा मजकूर सात ह्या संख्येशी ताडला की पिकांचा अर्धा भाग नाहीसा होऊन नुसते सात उरत.

येथे हेही नमूद करावयास हवे की दोष एकट्या पीएचपीच्या माथी मारता येत नाही. तिच्या जोडीने सर्रास वापरले जाणारे मायएसक्यूएल हे माहितीकोशाचे साधनही मजकुराच्या स्तंभाची संख्येशी तुलना करताना असेच रूपांतर करते, आणि नावांच्या स्तंभात शून्य ही संख्या शोधणारास ते आकड्याने न सुरू होणारी सर्व नावे आणून देते. दोन सैल यंत्रे एकापुढे एक ठेवली असता त्यांचा सैलपणा परस्परांस झाकतो.

दोन्ही बाजूंस मजकूर असला तरी निश्चिंत राहता येत नाही. दोन्ही मजकूर पूर्णपणे संख्येसारखे दिसत असतील तर पीएचपी त्यांची संख्या म्हणूनच तुलना करते, आणि हा नियम आजही लागू आहे. मालवणचा दूरध्वनी संकेतांक ०२३६५ आहे. आरंभीचे शून्य गाळलेला '२३६५' हा मजकूर त्याच्याशी समान ठरतो, जरी त्या शून्यावाचून फोन लागणार नाही. रोमन 'ई' हे अक्षर आकड्यांच्या मध्ये आले तर प्रकार आणखी विचित्र होतो, कारण शास्त्रीय लेखनपद्धतीत ते दहाच्या घाताचे चिन्ह आहे. एखाद्या हिश्शास इंग्रजी अक्षर देऊन 'बारा-ई-एक' असे सलग लिहिले, तर यंत्र त्याची किंमत बारा गुणिले दहा अशी काढील व ते एकशे वीस ह्या सर्व्हे नंबराशी समान म्हणून सांगेल.

हीच 'ई' २०१५ च्या सुमारास सुरक्षिततेच्या क्षेत्रात कुप्रसिद्ध झाली. संकेतशब्द जसाच्या तसा न साठविता त्याचा एमडी५ पद्धतीचा ठसा साठविण्याची रीत त्या काळी पुष्कळ ठिकाणी होती. हा ठसा बत्तीस चिन्हांचा असतो. चिन्हे शून्य ते नऊ हे अंक व रोमन ए ते एफ ही अक्षरे. आता ठशाचे पहिले चिन्ह शून्य, दुसरे 'ई' व उरलेली तीसही चिन्हे अंकच असतील, तर तो मजकूर 'शून्य गुणिले दहाचा अमुक घात' असा वाचला जाईल, म्हणजे शून्य. असे कोणतेही दोन ठसे दुहेरी चिन्हास समान दिसतात. '२४०६१०७०८' ह्या आकडी मजकुराचा ठसा ह्या साच्याचा आहे. 'क्यू-एन-के-सी-डी-झेड-ओ' ह्या सात रोमन अक्षरांचाही आहे. ह्या दोहोंत समान असे काहीही नाही. तरी एक ज्याचा संकेतशब्द आहे त्याच्या खात्यात दुसरा टंकून शिरता येई. असा ठसा यदृच्छेने मिळण्याचा संभव सुमारे चौतीस कोटींत एक. हे प्रमाण माणसास अत्यल्प वाटते, परंतु साध्या संगणकास चौतीस कोटी ठसे काढणे हे काही मिनिटांचे काम आहे. ह्यापूर्वीच, २०१३ च्या ५.५ आवृत्तीत संकेतशब्द साठविण्याची व पडताळण्याची नीट साधने, आणि २०१४ च्या ५.६ आवृत्तीत ठसे ताडण्याची स्वतंत्र आज्ञा पीएचपीत आलेली होती. साधने होती, सवय नव्हती.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ह्या सर्व प्रकरणात एक ओळखीची समस्या दिसेल. दोन भिन्न गोष्टींस कामापुरते एक मानणे हा दोष नव्हे. त्यावाचून व्याकरणच लिहिता येत नाही. पाणिनीने ज्या वर्णांचे उच्चारस्थान व आभ्यंतर प्रयत्न एकच आहेत त्यांस सवर्ण मानले. त्यामुळे नियमात नुसता अकार उच्चारला की ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत, तीनही स्वर व अनुनासिक-निरनुनासिक मिळून अठरा अकार गृहीत धरले जातात. ही सैल तुलनाच होय. पण तिच्याभोवती पाणिनीने दोन कुंपणे घातली. इकार व शकार दोन्ही तालव्य, आणि प्रयत्नाच्या एका गणनेनुसार तेही सवर्ण ठरू पाहतात. तेव्हा स्वर आणि व्यंजन ह्यांचे परस्पर सावर्ण्य होत नाही, असा निषेध त्याने लगेच पुढच्या सूत्रात केला. जातीची सीमा ओलांडून साम्य चालू द्यावयाचे नाही. दुसरे कुंपण तपरकरणाचे. जेथे अठरा नकोत, त्याच कालाचा वर्ण हवा, तेथे वर्णास तकार जोडावयाचा. सैल रूप साधे, काटेकोर रूप एका जादा खुणेने : पीएचपीने दोहोंवरून तीन रेघा केल्या त्याच जातीची ही युक्ती. ह्यावरून प्राचीनांस संगणक ठाऊक होता असे सिद्ध करू पाहणारांची आज वाण नाही. तसा निष्कर्ष काढण्याचे काही कारण नाही. समस्या एक असली म्हणजे उपाय जवळपासचे निघतात, एवढेच.

पण एक फरक महत्त्वाचा आहे. ऱ्हस्व अकार उच्चारात संवृत, आकार विवृत. म्हणून खरे पाहता ते सवर्ण होत नाहीत. पाणिनीने व्याकरणाच्या कामापुरता अकार विवृत धरला, आणि सर्व काम आटोपल्यावर अष्टाध्यायीच्या अगदी शेवटच्या सूत्राने त्यास पुनः संवृत केले. तुलनेसाठी घेतलेले रूप तुलना झाल्यावर परत केले. पीएचपीतही मूळ किंमत बदलत नसे, केवळ तुलनेपुरते रूपांतर होई. पण ते झाले ह्याची खूण कोठेही राहत नसे. अष्टाध्यायी वाचणारास शेवटच्या सूत्रावरून तरी कळते की मध्यंतरी काही उसने घेतले होते.

दुरुस्ती यावयास २०२० उजाडले. निकिता पोपोव्ह ह्यांच्या प्रस्तावानुसार २६ नोव्हेंबर २०२० रोजी निघालेल्या आठव्या आवृत्तीत नियम फिरविण्यात आला. संख्या व मजकूर ह्यांची गाठ पडली असता मजकूर खरोखरच संख्येसारखा असेल तरच संख्या म्हणून तुलना. एरव्ही संख्येचाच मजकूर करावयाचा व मग अक्षरशः ताडावयाचे. मालवण शून्याशी समान राहिले नाही. '१२/१' बाराशी समान राहिला नाही. त्याच आवृत्तीत 'मॅच' ही रचना आली, जी 'स्विच'चेच काम करते पण तिहेरी तुलनेने. तालुका न भरलेले अर्ज आता देवगडास जात नाहीत.

सर्व सैलपणा गेला असे मात्र नव्हे. रिकामा मजकूर 'असत्य'शी समान, शून्याचे चिन्ह असलेला मजकूरही 'असत्य'शी समान, पण ते दोन मजकूर परस्परांशी समान नाहीत. संक्रमणाचा नियम अद्याप मोडतोच. 'सत्य' ही किंमत मालवणशी, वेंगुर्ल्याशी व कोणत्याही नावाशी समान आहे. संकेतांकाचे आरंभीचे शून्य अद्याप गळते. एका बाबतीत तर नवी आवृत्ती अधिक सैल झाली : आकड्यांपुढे कोरी जागा सुटलेला मजकूर पूर्वी संख्यासदृश मानीत नसत, आता मानतात. सुधारणेचे हे स्वरूप पाहता नियमांच्या जुळणीपेक्षा चालू पाने न मोडण्याची चिंता कर्त्यांस अधिक होती असे म्हणावे लागते. आणि जाळ्यावर तोवर साठलेल्या पीएचपीच्या आज्ञावलींचा पसारा लक्षात घेता ती चिंता अनाठायी म्हणता येणार नाही.

संक्रमण मोडते म्हणून संबंध निरुपयोगी ठरतो असे नाही, ह्याचेही एक उदाहरण मालवण किनाऱ्यावरच आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात कुडाळीची नोंद कोंकणीच्या अंगाने झाली आहे. १९६० च्या दशकात अ. मा. घाटगे ह्यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत कुडाळीवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. २००१ च्या जनगणनेच्या तक्त्यात मालवणी हे नाव कोंकणीखाली आले. आणि बोलणारे पुष्कळ जण आपली मातृभाषा मराठी म्हणून नोंदवितात. मालवणची बोली पेडण्यास कळते, पेडण्याची म्हापशास, असे शेजारी शेजारी जात राहिले तर साखळी दूरवर पोचते. पण साखळीच्या दोन टोकांस एकमेकांचे कळेलच असे नाही. परस्परबोध हा संबंध संक्रमणशील नाही, आणि बोलींच्या अभ्यासात त्याने काम भागते, कारण तेथे त्यास कोणी समता म्हणत नाही. तक्त्यात स्तंभ पाडण्याची वेळ आली, म्हणजे 'कळते' ह्याचे 'तीच' असे रूपांतर झाले, की वाद सुरू होतो.

तिहेरी चिन्हही सर्व रोगांवर औषध नव्हे, आणि देवनागरीत लिहिणारास त्याचा उलट अनुभव येतो. पीएचपी अंक म्हणून फक्त आंतरराष्ट्रीय रूपातील अंक ओळखते. (संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदात 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असा शब्दप्रयोग आहे, तो करणारांच्या मनात अर्थातच हा प्रसंग नव्हता.) देवनागरीत लिहिलेले दहा हे सातव्या आवृत्तीपर्यंत शून्याशी समान होते, दहाशी नव्हते. आता ते कोणाशीच समान नाही. अंतर्गत मजकूर समूळ युनिकोडमध्ये ठेवण्याची सहाव्या आवृत्तीची योजना २००५ च्या सुमारास हाती घेतली गेली व २०१० साली सोडून देण्यात आली. सहावी आवृत्ती निघालीच नाही, भाषा पाचवरून एकदम सातवर गेली. म्हणून मजकूर म्हणजे बाइटांची रांग, आणि काटेकोर तुलना म्हणजे बाइटांची तुलना, ही स्थिती कायम आहे.

ह्याचा प्रत्यय 'किनाऱ्यावर' ह्या शब्दावरून घ्यावा. त्यातील अर्धा र तीन प्रकारे टंकता येतो. ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन हलन्त जोडल्यास शब्दाची दहा चिन्हे व तीस बाइट होतात. साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त, असे केल्यास अकरा चिन्हे व तेहतीस बाइट. साधा र, हलन्त व त्यापुढे न दिसणारा जोडक घेतल्यास पुनः तेहतीसच, पण निराळे. कागदावर तिघांत बहुधा काही फरक दिसत नाही. दुहेरी चिन्ह घ्या की तिहेरी, तिघांची परस्परांशी तुलना नकारार्थी येते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी आज्ञावलीवर चालतो ती पीएचपीतच लिहिलेली आहे. ती आत येणारा मजकूर युनिकोडच्या एका ठरीव सामान्य रूपात आणून मगच साठविते. त्या रूपांतरात पहिले दोन प्रकार एक होतात. न दिसणाऱ्या जोडकाचा तिसरा प्रकार त्यातूनही वेगळाच राहतो, आणि तसे टंकलेले 'किनाऱ्यावर' बाकीच्या दोहोंपासून तीन बाइटांच्या अंतरावर आहे.